लाल गोलातल्या मावशी

मावशी नसतील तर शिवणाच्या खोलीत सुईसुद्धा हलत नाही, असं सगळे म्हणत. म्हणजे मावशी म्हणत आणि बाकीच्या माना डोलवत. शर्टांचा कारखाना बंद पडून घरी बसलेल्या नऊ बायका त्यांनी गोळा केल्या आणि मोडक्या छत्र्यांच्या कापडाच्या पिशव्या शिवायला बसवल्या. छत्रीच्या आठ पाकळ्यांतल्या धड किती, कापड कुठून तिरकं जातं, सगळं मावशींच्या डोक्यात. कागदावर एक अक्षर नाही. दुसरीतच त्यांची शाळा सुटली होती. त्यांच्या मते नुकसान शाळेचं झालं.

एक संस्था चार नवी शिलाई मशिनं द्यायला तयार झाली. आधी संस्थेचा माणूस येऊन धंद्याचा आराखडा करणार, एवढीच अट.

"म्हणजे काय गं?" मावशींनी सुनेला विचारलं.

"धंदा कोणाच्या जोरावर चालतो, पुढे कसा चालेल, ते लिहून काढतात."

"त्यात लिहायचंय काय? मी दिसत नाही त्यांना?"

तरी आदल्या दिवशी त्यांनी बायकांना दम भरलाच. "तो काहीही विचारू दे. 'मावशींना विचारा' म्हणायचं. बाकी तोंडाला टाका."

आराखडेवाला आला. पोरगेलासा, गोडबोल्या, खिशाला तीन पेनं.

"कापड कुठून येतं?"

"मावशींना विचारा."

"एका पिशवीला वेळ किती लागतो?"

"मावशींना विचारा."

"बरं ताई, तुमचं नाव?"

बटणं लावणारीने मावशींकडे एकदा पाहून घेतलं. "त्यांनाच विचारा."

"मला हात धुवायचे होते," तो काकुळतीला येऊन म्हणाला. नऊ बोटं मावशींकडे वळली.

शेवटी तो मावशींपुढे बसला. "तुम्ही आजारी पडलात तर?"

"पडत नाही."

"समजा पडलात?"

"मग कुलूप. लिहा तसं."

त्याने लिहिलं. खाली दोन रेघाही ओढल्या. मावशी मनात म्हणाल्या, पोरगा हुशार आहे.

आठवड्याने आराखडा आला. भला मोठा कागद, मधोमध मावशींचा फोटो, भोवती लाल गोल आणि सगळे बाण त्यांच्याकडे. सून काही सांगू लागली, तर "तू वाचत बस, मला दिसतंय" म्हणून मावशींनी तो भिंतीवर ठोकला. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला. समोरच्या शिंप्याशी दहा वर्षं अबोला होता, त्यालाही हाक मारून आत घेतलं.

शिंप्याने चष्मा लावला. "यात लिहिलंय, सर्वांत मोठा धोका."

"कोणाला?"

"कोणाला नाही. कोण, ते लिहिलंय." इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच हसला.

संस्थेचं म्हणणं सरळ होतं. जो धंदा एका बाईवर उभा, त्याला मशिनं देता येत नाहीत. मावशींनी बाजूला व्हावं, सुनेने बघावं. आराखडेवाल्याने पुन्हा येऊन बायकांनाच विचारलं, "यांच्याशिवाय जमेल?"

मावशी निवांत बसून राहिल्या. ज्यांना नाव सांगायची छाती नाही, त्या काय बोलणार?

"जमेल," बटणंवाली म्हणाली. "हात बसलाय आता."

"डोक्यावर कोणी ओरडत नसलं तर जास्तच जमेल," कोपऱ्यातून आवाज आला. सून फरशीकडे बघत होती. नाही मात्र म्हणाली नाही.

मावशींना सल्लागार केलं.

"सल्लागाराने करायचं काय?"

"काही नाही मावशी. अडलं की आम्ही येऊच."

तेव्हापासून मावशी रोज सकाळी आवरून दारात खुर्ची टाकून बसतात. रस्त्यापलीकडच्या शिवणाच्या खोलीतून मशिनांचा आवाज येतो. तो कुठे अडखळतोय का, एवढंच ऐकायचं. अडखळत नाही मेला.

तिसऱ्या आठवड्यात बटणंवाली लगबगीने आली. मावशी पदर सावरत उठल्या. "अडलं ना शेवटी?"

"हो ना मावशी. मशिनं चार आली आणि बसायला तीनच. ही खुर्ची नेऊ?"

मावशी उठलेल्याच होत्या.