एका दमात एक खांब

आमच्या कळंबात भल्या सकाळी कुणी तुमच्या खांद्याला हात लावून पळून गेलं, तर घाबरू नका. तो बाळाराम. वय छप्पन्न, वजन एकशे चार किलो आणि तोंडात अखंड 'कबड्डी कबड्डी'.

वजन उतरवायला धावणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. ती गुमान सरळ धावतात. बाळारामला ते जमत नाही. तरुणपणी तो आमच्या गावच्या संघाचा चढाईचा गडी. दम धरून पलीकडच्या अंगणात शिरायचं, कुणाला तरी शिवायचं आणि दम सुटायच्या आत परत फिरायचं. तीस वर्षांनी पुन्हा धावायला निघाला, तर पायांना तेवढंच ठाऊक.

कर्जतच्या डॉक्टरांनी त्याला साफ सांगितलं होतं, "दिवाळीपर्यंत दहा किलो उतरवा. या वजनाला तुमचं हृदय किती दिवस पुरेल, सांगता येत नाही. रोज पुलापर्यंत जाऊन या. आणि तोंड उघडं ठेवून श्वास घ्या."

"डॉक्टर, मधीच दम घेतला तर गडी बाद हाय," बाळाराम म्हणाला.

त्यामुळे त्याचं धावणं एका दमात मावेल एवढंच. विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत. तिथं खांबाला मिठी मारून धापा टाकायच्या, की पुढचा खांब. पण वाटेत माणूस भेटला की त्याला शिवून घरी परत! दूधवाला रोज पहिल्याच खांबाशी भेटायचा, म्हणजे व्यायाम तिथंच आटोपला. शेवटी त्याच्या बायकोनं, सुगंधावहिनीनं, दूधवाल्याची वेळ बदलली.

एकदा रिसॉर्टवर उतरलेल्या एका पाहुण्याला त्यानं शिवलं. पाहुणा तणतणत मॅनेजरकडे गेला. मॅनेजर आमच्याच गावचा. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तुम्ही बाद झालात. जरा कडेला बसा, मी चहा पाठवतो."

आम्ही सगळे हसायचो. मी जरा जास्तच. वहिनी मात्र हसत नव्हती, कारण गेल्याच वर्षी उस्मान गेला होता.

उस्मान म्हणजे संघाचा उजवा कोपरा. बाळाराम चढाईला गेला की हा मध्यरेषेशी उभा राहून बोंब मारायचा, "बाळ्या, फिर माघारी!" खेळ सुटला, तरी जोडी सुटली नाही. उस्माननं बेकरी टाकली. रोज सकाळी दोघं तिथं गरम खारी चहात बुडवून खायचे, मग मैद्याच्या काट्यावर एकमेकांना तोलायचे आणि एकसुरात म्हणायचे, "सोमवारपासनं धावायचं." कुठला सोमवार, ते कुणीच विचारलं नाही. काय दिवस होते ते! आणि एके दिवशी उस्मान भट्टीसमोरच कोसळला. हृदयच थांबलं. पोरगा कुंभिवलीला कारखान्यात लागलेला, बेकरीचं शटर पडलं ते पडलंच.

दिवाळी महिन्यावर आली आणि वजन उतरलं होतं अवघं चार किलो. वहिनी माझ्याकडे आली. "भावजी, हे पुलापर्यंत जातच नाय. नवव्या खांबावरनं परत येतात. तुमी बघा जरा."

दुसऱ्या दिवशी मी कुरकुरत त्याच्यामागं गेलो. नववा खांब उस्मानच्या बेकरीसमोर. बाळारामनं शटरला हात लावला आणि वळला.

"अरं, पूल समोर दिसतोय. जा की," मी म्हणालो.

तो शटरला टेकला. गळ्यातल्या टॉवेलनं तोंड पुसत राहिला, डोळ्यांवरनं जरा जास्तच वेळ.

"मागं उस्मान उभा असायचा म्हनून मी आत शिरायचो रं. आता पुढं गेलो आनि दम तुटला, तर हाक कोन मारनार?"

सात जणांत एकटा घुसणाऱ्या या माणसाला भीती म्हणून माहीत नाही, असं मी जन्मभर समजत आलो होतो.

खरं सांगायचं तर त्या संघात मी राखीव होतो. टॉवेल आणि शर्ट सांभाळायचो. मैदानात मला कुणी कधी उतरवलंच नाही. त्या सकाळी मी चपला काढल्या आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो.

"जा. मी हाय हितं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, जमिनीला हात लावून कपाळाला लावला आणि निघाला. एक खांब, दुसरा, तिसरा. पुलाच्या कठड्याला त्याचा हात लागला, तसा मी घसा फाटेस्तोवर ओरडलो, "बाळ्या, फिर माघारी!"

तो फिरला. धापा टाकत माझ्यापर्यंत आला, गुडघ्यांवर हात टेकून बराच वेळ वाकून राहिला.

"लय मोठ्यानं वरडलास रं," तो म्हणाला. "त्याला पन ऐकू गेलं असंल."

"गेलं असंल की," मी म्हणालो.