मामाजींचा उजवा हात

रिटायर झालेल्या माणसाने घरात फार बोलू नये. माझे सासरे, म्हणजे मुखरू मामाजी, लकव्याने अंथरुणाला खिळले. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. त्यांच्यासाठी बाई ठेवायची का, असं बायको रंजीता विचारत होती आणि मी (ऊर्जानगरच्या वीज केंद्राच्या स्टोअरमध्ये पस्तीस वर्षं नट-बोल्ट सांभाळलेला माणूस) बोलून गेलो, "परका माणूस काऊन? मीच शिकतो."

चंद्रपूरला घरगुती रुग्णसेवेचा कोर्स होता. वर्गात एकोणीस पोरी आणि मी. रबरी पुतळ्याला कुशीवर वळवणं, अंग पुसणं, सगळं जमलं. (पुतळ्याची नाडी मी बहात्तर मोजली. शिकवणाऱ्या नंदिनी मॅडम बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या.) शेवटची परीक्षा मात्र खऱ्या पेशंटवर, म्हणजे मामाजींवरच, होती. नापास झालो तर मामाजींना नागपूरला मेहुण्याकडे हलवायचं ठरलं होतं, आणि जंगल सुटलं तर म्हातारा जगणार नाही, हे आम्ही सगळेच जाणून होतो.

पोंभुर्ण्याजवळचं त्यांचं गाव. भर दुपार. सारा गाव धान कापायला शेतावर, बांधीत गेलेला, रंजीतासुद्धा. मॅडम चारला परीक्षा घ्यायला येणार होत्या. घरामागे जंगल, आणि तिथली माकडं एकाएकी गप्प झालेली.

ठक्.

मी परसात बघून आलो. कुणी नाही.

ठक्, ठक्.

या वेळी आवाज खोलीतूनच आला. मामाजींचा चालता हात, डावा, छातीवर स्वस्थ पडला होता. मी जवळ गेलो की आवाज बंद, वळलो की सुरू. मामाजी माझ्याकडे बघतच नव्हते. माझ्या खांद्यावरून, मागे, कुठेतरी बघत होते. एकटक. मागे वळून पाहायची माझी छाती झाली नाही.

"कोण आहे?" मी विचारलं. मामाजींच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं.

घाबरल्यावर प्रशिक्षित माणूस नाडी बघतो. मी गोधडीतून त्यांचा उजवा हात काढला. गार. मनगट चाचपलं, नाडी नाही. कोपरापाशी, नाही. सात महिने मेलेला तो हात मी खाली ठेवणार, तोच त्याची बोटं हळूहळू मिटली आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

पुढचं मला माहीत नाही.

डोळे उघडले तेव्हा मी जमिनीवर होतो आणि नंदिनी मॅडम माझी नाडी मोजत होत्या. रंजीता कॉटपाशी बसून रडत होती, हसतही होती. तिच्या बाबांचा हात परत आला होता. सकाळपासून त्यांना तहान लागली होती, हे त्यांच्या खुणांवरून कळलं. माझ्या मागच्या माठाकडे बघत ते त्याच हाताने कॉटची पट्टी वाजवत होते. त्यांना पाणी पाजायचं तेवढं मी विसरलो होतो.

मॅडमनी दोन पेले पाणी पाजलं. मग मामाजींचे ओठ हलायला लागले. आम्ही सगळे वाकलो. सात महिन्यांनी म्हातारा बोलत होता. त्यांनी नवा हात कसाबसा माझ्याकडे केला आणि एकेक शब्द जुळवला.

"याले... पास... नोको."

इतक्या दिवसांनी फुटलेली वाचा; तिचा शब्द कोण मोडणार? मॅडमनी मोडला नाही. नागपूरला न्यायची गरजच उरली नाही; मामाजी आता जंगलाच्या कडेने काठी टेकत फिरतात. मी वर्गात पुन्हा पहिल्या बाकावर बसतो.