खडी ऐकणारे धर्मानाना

धर्मानाना पाटील भर रस्त्यात सायकल उभी करतात, वाकतात, दोन खडे उचलतात आणि कानाशी नेऊन एकमेकांवर आपटतात. मागून ट्रॅक्टर येवो नाहीतर लग्नाची वरात येवो, त्यांना फरक पडत नाही. टण्ण वाजलं की म्हणतात, "डोंगरना शे." भद्द वाजलं की म्हणतात, "ठेकेदारना शे." मग खडे होते तिथं नीट ठेवतात आणि पुढे निघतात.

नंदुरबारात त्यांच्या शेजारी राहून हा प्रकार मी अकरा वर्षं बघतोय. नाना मूळचे रनाळ्याचे. रस्त्यांच्या खात्यात मुकादम होते, आणि उभी नोकरी मोलगीकडच्या घाटांत खडी पसरण्यात आणि दाबण्यात गेली. असा माणूस निवृत्त झाल्यावर खडीचं तोंड पाहणार नाही, असं आपल्याला वाटतं. नानांनी जाड टायरची सायकल घेतली आणि रोज सकाळी कच्च्या रस्त्यांनी हिंडायला लागले. डांबरी रस्ता त्यांना सोसत नाही. "डांबर टाकं का रस्ता मुका व्हस, गुरुजी. खडी बोलस, भो!" समोरच्या चौकातून दूध आणायचं तर हे नाल्याकाठच्या मुरमावरून तीन किलोमीटरचा वळसा घालून येतात. घरी पोचेपर्यंत त्या दुधात लोणी दिसायला लागतं, आणि मला म्हणतात, "पहा, फुकटमा घुसळाई गयं."

गुरुजी म्हणजे मी. मराठीचा मास्तर होतो. नानांची एकुलती एक सुवर्णा माझ्याच वर्गात शिकली, पुढे कॉम्प्युटरची नोकरी धरून थेट रोमानियात गेली आणि तिथल्या मिहाय नावाच्या मुलाशी तिथंच लग्न करून मोकळी झाली. हा मिहाय लोकांना सायकलवरून जंगलातल्या, डोंगरातल्या खडीच्या रस्त्यांनी फिरवतो. तोच त्याचा धंदा. खडीच्या मुकादमाला असा जावई म्हटल्यावर पत्रिका कशाला बघायची! नानांनी त्याचं नाव लगेच 'महादू' करून टाकलं. पण लग्नाला मात्र ते गेले नाहीत. व्हिसा वेळेत आला नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण फॉर्म मीच भरला होता. सुवर्णाला ते निमित्त वाटलं. नानी असत्या तर त्यांनी फोनवर दोन वाक्यांत सगळं मिटवलं असतं, पण नानी त्याआधीच गेल्या होत्या. आणि नानांना फोनवर रस्त्याखेरीज काही बोलता येत नाही. दर रविवारी लेकीला फोन लावायचे आणि विचारायचे, "तुमनाकडे साइडपट्टी भरेल शे का?"

अशी तीन वर्षं गेली. मग एक दिवस माझ्या ओट्यावर येऊन बसले. "गुरुजी, महादूकडली खडी देखाले जाऊत. तुम्हले इंग्रजी येस."

आता मराठीच्या मास्तरचं इंग्रजी ते किती! पण नानांपुढे काही चालत नाही. आम्ही निघालो. त्यांच्या बॅगेत दोन शर्ट, आणि बाकी सगळ्या दशम्या, खाखरे, शेंगदाण्याची चटणी आणि लाल मिरचीची पूड. मला वाटलं, परदेशातलं अन्न सोसणार नाही म्हणून बेगमी असेल.

सुवर्णाचं घर एका टेकडीवरच्या गावात. दारात पोचलो तशी ती ट्रेमध्ये पाणी घेऊन आली. मी गटागट प्यायलो. नाना म्हणाले, "ऱ्हाऊ दे व माय," आणि विमानतळावर घेतलेली बाटली तोंडाला लावली. जेवायच्या वेळी तिनं वांग्याचं भरीत केलं होतं, कळण्याची भाकरी केली होती. ज्वारीचं पीठ तिनं कुठून पैदा केलं, देव जाणे. नाना व्हरांड्यात बसून दशमी चावत होते.

आमच्याकडे ही जुनी चाल आहे. लेकीच्या घरी मूल खेळेपर्यंत बाप तिथलं अन्नपाणी घेत नाही. पण हल्ली कोण पाळतं? माझा चुलतभाऊ जावयाकडे महिना महिना मुक्काम ठोकतो आणि वर भाजीत मीठ कमी म्हणतो.

सुवर्णानं मला स्वयंपाकघरात गाठलं. "गुरुजी, नानांनी आजवर कुठली रूढी पाळली हो? मी शिकू नये म्हणणाऱ्या सगळ्या भाऊबंदांशी ते भांडले. मग हीच बरी आठवली! त्यांना लग्न मान्य नाही, दुसरं काय? एक घोट प्यायले असते ना, तरी मला कळलं असतं की त्यांनी मानलं." तिचे डोळे भरून आले. "तुम्ही विचारा ना त्यांना."

विचारतो म्हणालो. म्हणायला काय जातं!

दुसऱ्या दिवसापासून मिहाय आम्हाला डोंगरात घेऊन जाऊ लागला. माझ्या गुडघ्यांकडे बघून त्यानं मला बॅटरीची सायकल दिली होती. नानांनी ती शेवटपर्यंत मानली नाही. "गुरुजी सायकल चालवी नई ऱ्हायनात, सायकल गुरुजीले चालवी ऱ्हायनी." रस्ता मात्र असा की मीसुद्धा हरखलो. दोन्ही बाजूंना उंच, गुळगुळीत खोडांची झाडं, मधून पांढरी खडी, आणि वळणावळणाला गवताच्या गंज्या. नाना दर अर्ध्या मैलाला उतरायचे. टण्ण! "डोंगरना शे." पुन्हा टण्ण! त्यांना भद्द काही सापडेना, म्हणून थोडे नाराजच झाले.

तिथले धनगरी कुत्रे म्हणजे वासराएवढे. तिसऱ्या दिवशी चार जण एकदम अंगावर आले. मिहाय ओरडला, मी बॅटरीचं बटण शोधायला लागलो. आणि नाना? ते त्याच क्षणी खडा उचलायला वाकले होते, नेहमीसारखे, कानाशी न्यायला. चारही कुत्रे जागच्या जागी वळले आणि शेपट्या घालून पसार! वाकलेल्या माणसाचा अर्थ नंदुरबारपासून रोमानियापर्यंतच्या कुत्र्यांना एकच कळतो. नानांना पत्ताच नाही. "काय जयं?" म्हणाले.

पुढे एक गवताची गाडी आली. गाडीवानानं नानांना पाहून हात वर केला आणि हाक मारली, "नेने!"

नाना थबकले. "महादू, त्याले सांग, नेने ते पुन्याकडे ऱ्हातस. मी पाटील शे."

मिहायनं खुलासा केला, तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला लोक प्रेमानं 'नेने' म्हणतात. मी दिवसभर त्यांना 'अहो नेने' म्हणून छळलं.

या सगळ्यात मी माझं काम विसरलो नव्हतो. चढावर विचारलं, "नाना, जावई कसा वाटला?" म्हणाले, "चढवर बोलू नका गुरुजी, दम लागस." उतारावर विचारलं, "लेकीच्या घरचं पाणी का पीत नाही?" म्हणाले, "उतारवर बोलू नका, पडशात." सपाटी त्या देशात नाहीच.

दुपारी एका मेंढपाळाच्या झोपडीत थांबलो. त्यानं मक्याचा घट्ट घाटा आणि मेंढीचं चीज पुढे केलं. "हाऊ ते आपला घाटा शे!" म्हणत नानांनी खिशातली मिरचीपूड वर भुरभुरली आणि दोन ताटल्या साफ केल्या. मेंढपाळानंही चिमूटभर मिरची मागून घेतली, मग तांब्याभर दूध एका दमात प्यायला आणि नानांना मिठी मारली. मिहाय तर खूश! सासऱ्याला आपल्याकडचं काहीतरी आवडलं, ही बातमी कधी एकदा बायकोला सांगतो असं त्याला झालं होतं.

संध्याकाळी घरी पोचताच त्यानं ती सांगितली. दोन ताटल्या, दोन बोटं दाखवून.

सुवर्णा चहाचा ट्रे घेऊन येत होती. तिनं तो तिथंच टेबलावर ठेवला आणि नानांसमोर उभी राहिली. "मेंढपाळना घर जेवनात. वयखीना नई, पायखीना नई, त्याना घर दोन ताटल्या. आनि मन्हा घरनं पानी चालस नई. सांगी टाका ना नाना, मन्हं लगीन तुम्हले मान्य नई. सांगा एकदाव!" आणि रडायलाच लागली.

नाना तिच्याकडे असे बघत राहिले, जणू ती रोमानियन बोलत होती.

"आव येडी," ते म्हणाले, "लगीन मान्य शे म्हनीसनच ते पेत नई!"

आता मीही बघत राहिलो.

"मान्य नसतं ते हाई घर तुन्हं सासर कसं व्हतं? मंग ते मन्ही पोर आठे भाड्याना घरमा ऱ्हास, आनि मी दोन टाइम दाबीसन जेवतू. बाप पानी कोठे सोडस? पोरना सासरले! महादूले जवाई मानं म्हनीसन तं तीन दिन जयात, दशम्या चावी ऱ्हायनू. दातसले इचार!"

धर्मानाना पाटलांनी तीन दिवस कोरड्या दशम्या चावून लेकीला सांगितलं होतं की तुझं लग्न मला मान्य आहे, आणि ते तिला कळलं नव्हतं. मी चाळीस वर्षं भाषा शिकवली, मलाही कळलं नव्हतं. माझी मला लाज वाटली.

"मले कसं समजीन नाना?" सुवर्णा म्हणाली. "हाई मले मायनी सांगं असतं. तुम्ही फोनवर फक्त साइडपट्टी इचारतस."

नानांनी मान खाली घातली. बराच वेळ बुटांची नाडी सोडत बसले. मग नाडीकडेच बघत म्हणाले, "तुन्ही माय गयी, तवयपाईन मले बोलता येत नई, बेटा. काय इचारू ते समजत नई. मंग रस्ता इचारस." नाडी सुटली तसे म्हणाले, "जुना नेम शे. पन नेम तुन्हाकरताच व्हता. तूच रडाले लागनी ते त्या नेमले काय चाटू? आन व माय, पानी आन."

ती आत पळाली. नळ सुटल्याचा आवाज आला आणि तो चालूच राहिला. मिहायनं हळूच इंग्रजीत मला विचारलं, काय झालं? मी म्हणालो, "वॉटर." यापलीकडे माझी मजल नव्हती. नाना आतल्या दिशेनं ओरडले, "आव, इहीर खोदी ऱ्हायनी का?"

सुवर्णा ग्लास घेऊन आली. धावत आल्यानं निम्मं पाणी वाटेत सांडलं होतं. नाना एका दमात प्यायले, ग्लास पुढे केला आणि म्हणाले, "आखो दे." तिनं दिला. पुन्हा "आखो." तिसरा ग्लास पिताना नाना रडत होते, पण त्यांनी तो तोंडाचा काढला नाही.