गिऱ्हाईकाची ओटी

धंदा म्हणजे धंदा, त्यात नातंगोतं आणायचं नाही, असं सुलाबाईंनी सगळ्या आळीला सांगून टाकलं होतं. नळावर सांगितलं, देवळात सांगितलं, आणि शेजारच्या बनुबाईला तर रोज सांगितलं, कारण बनुबाई ऐकायला कायमच मोकळी असे.

"येणार त्यो पाव्हणा न्हवं, गेष्ट," सुलाबाई म्हणायच्या. "गेष्ट आला, ऱ्हायला, जेवला, पैसं दिलं, गेला. संपलं."

हा धडा त्यांना सुनेनं पाठ करून दिला होता. प्रांजल सांगलीजवळच्या हरिपूरची. हॉटेलचा कोर्स करून ती पाचगणीच्या एका रिसॉर्टच्या काउंटरवर नोकरीला लागली. तिथं स्ट्रॉबेरीचे खोके पोचवता पोचवता सुलाबाईंचा साईराज जरा जास्तच वेळ थांबायला लागला, आणि मग व्हायचं ते झालं. लग्नानंतर दोघांनी घरामागे, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांना लागून दोन खोल्या बांधल्या, माडी झाडून घेतली, आणि घाटाच्या वळणावर पाटी लावली.

पाटी झकास होती. पण वर डोंगरावर पोहायच्या तलावांची रिसॉर्टं, खाली वाईत लॉज, आणि मधल्या वळणावरच्या या घरापाशी गाडी थांबायची ती फक्त पंक्चर झाली तर. शेवटी साईराजनं मुदत घातली. गुढीपाडव्यापर्यंत बघायचं. जमलं तर उत्तम, नाहीतर पुण्याच्या एका हॉटेलात दोघांनाही नोकरी तयार होती.

त्या दिवसापासून सुलाबाईंना चैन पडेना. त्यांचे यजमान हरिबा पलटणीत होते, तेव्हा त्यांनी अर्धं आयुष्य रस्त्याकडे डोळे लावून काढलं होतं. आता पोरगा-सून डोळ्यांसमोर हवी होती. त्यासाठी त्या काय वाटेल ते करायला तयार होत्या, अगदी पाहुण्याकडून पैसे घ्यायलासुद्धा.

पहिलं बुकिंग आलं ते पुण्याच्या प्रियदर्शनीचं. ती, तिचा नवरा आणि लहानगी मुलगी. दोन दिवस सगळं शिस्तीत चाललं. सुलाबाईंनी ठरल्याप्रमाणे "वेलकम" म्हटलं, भाकरी थापून वाढल्या, आणि "घ्या की, लाजताय काय" हे वाक्य ओठांवर आलं तरी गिळून टाकलं. प्रांजल खूश झाली.

घोटाळा झाला तो निघताना. सवाष्ण बाई उंबऱ्याबाहेर पडते आहे आणि तिच्या कपाळाला कुंकू लावायचं नाही, हे काही सुलाबाईंच्या हाताला जमण्यासारखं नव्हतं. नुसत्या कुंकवानं धंद्याचं काय बिघडतंय, असा विचार करून त्यांनी करंडा आणला. पण कुंकू लावलं की नुसतं कुंकू बरं दिसत नाही. म्हणून नारळ आला. नुसता नारळ तरी कसा द्यायचा, म्हणून खण आला. खण आल्यावर पदर पसरायला सांगावंच लागतं. अशी पायरी पायरीनं प्रियदर्शनीची ओटी भरून झाली, आणि मान वर करून बघतात तो ती रडत होती.

"आई गेल्यापासून कुणी ओटी भरली नव्हती माझी," ती म्हणाली.

नेमकी तेव्हाच प्रांजल पैसे भरायच्या कोडचं कार्ड घेऊन पुढे आली. सुलाबाईंनी त्या कार्डावर पालथा हात ठेवला.

"लेकीकडनं पैसं घेत्यात व्हय?"

प्रियदर्शनीच्या नवऱ्यानं खूप आग्रह केला, पण सुलाबाई बधल्या नाहीत. उलट मुलीच्या मुठीत खाऊला नोट कोंबली आणि गाडीत स्ट्रॉबेरीचा खोका चढवला. गाडी वळणाआड गेल्यावर साईराज एवढंच म्हणाला, की आणखी दोन गेष्ट असे आले तर पाडव्याची वाट बघायची गरज पडणार नाही.

सुलाबाईंना फार लागलं ते. आपणच पोराच्या पायाखालची माती उकरतो आहोत हे त्यांना कळत होतं. त्यांनी करंडा प्रांजलच्या ताब्यात देऊन टाकला.

दुसऱ्या खेपेला मुंबईची चार पोरं आली. पोरांना कुंकू लावायचा प्रश्न नव्हता, म्हणून घर निश्चिंत होतं. पण हरिबा अंगणात खाटेवर बसले होते, हे कुणी ध्यानात घेतलं नाही. आपल्याकडे माणूस भेटला की गाव विचारतात, गावानंतर आडनाव, आडनावानंतर आजोळ, आणि तिथवर पोचलं की कुठं ना कुठं धागा जुळतोच. त्यातल्या एका पोराचं आजोळ जत तालुक्यातलं निघालं, आणि त्याचे आजोबा हरिबांच्याच पलटणीतले निघाले. झालं. हरिबांनी त्या पोराला मिठी मारली, कोंबडं कापायला लावलं, आणि निघताना सगळ्यांना कडक सॅल्यूट ठोकून फुकट रवाना केलं. या वेळी सुलाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि नवऱ्याला दोन शब्द सुनावले. दुसऱ्याची चूक किती स्वच्छ दिसते बघा.

मग प्रांजलनं सासू-सासऱ्यांना समोर बसवलं. आवाज न चढवता तिनं नियम सांगितले. कुंकू लावायचं नाही. गाव विचारायचं नाही. पलटण विचारायची नाही. रडणाऱ्या माणसाच्या जवळ जायचं नाही.

"आत्या, मला न्हाई जायाचं पुण्याला," ती शेवटी म्हणाली. त्यांच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. "पण तुमी असं केलंसा तर मी काय करू?"

सुलाबाईंनी नियम इतके मनावर घेतले, की पुढचं कुटुंब आलं तेव्हा त्या तोंडच उघडेनात. गाव विचारायचं नाही तर माणसाशी बोलायचं तरी काय, हेच त्यांना सुचेना. ताट ठेवायचं आणि आत जायचं. त्या मंडळींनी पैसे चोख दिले आणि जाताना मोबाईलवर लिहून ठेवलं, की जेवण उत्तम, जागा छान, घरातल्या आजी रागीट आहेत. प्रांजलनं ते वाचून दाखवलं तेव्हा सुलाबाई दिवसभर चुलीपुढून उठल्या नाहीत. आयुष्यात त्यांना कुणी रागीट म्हटलं नव्हतं. रागवायचं वय होतं तेव्हा हरिबा सीमेवर होते.

तिकडे प्रियदर्शनीनंही लिहिलं होतं. आई गेल्यावर आपल्याला घाटात माहेर सापडलं, असं तिनं लिहिलं, आणि खाली ओटीतल्या नारळाचा फोटो टाकला. तो फोटो या मोबाईलवरून त्या मोबाईलवर हिंडत हिंडत सांगलीच्या एका भिशीत पोचला. पाडव्याच्या आधी थोडेच दिवस असताना एका शनिवारी घरापुढे मिनीबस उभी राहिली. त्यातून सांगलीच्या अकरा बायका उतरल्या आणि एका सुरात म्हणाल्या, "आई, आलो गं!"

अकरा लेकी! सुलाबाईंनी मनातल्या मनात अकरा खण मोजले, अकरा नारळ मोजले. प्रांजलनं लांबूनच हात जोडले. दोन्ही खोल्या आणि माडी एकदम भरल्याचा हा पहिलाच प्रसंग, आणि बहुतेक शेवटची संधी.

मग सुलाबाईंनी स्वतःवर एक इलाज काढला. रात्रभर त्या बायकांना पोटभर खाऊ घातलं, त्यांची गाणी ऐकली, आणि रविवारी दुपारी निघायची वेळ झाली तशा त्या गुपचूप बनुबाईच्या गोठ्यात जाऊन बसल्या. समोर नसलो तर हात वाहवत जाणार नाही, असा साधा हिशेब. बनुबाईला दाराशी उभं केलं आणि सांगितलं, की मी बाहेर पडायला लागले तर मला धर.

इकडे बायका आईला शोधत होत्या. लेकी आईकडे मोकळ्या हातानं येत नसतात, म्हणून त्यांनी सुलाबाईंसाठी सांगलीहून पातळ, हळकुंडं आणि बेदाणे आणले होते. आई सापडेना. त्यांतल्या थोरल्या मनुबाईंनी मग प्रांजललाच विचारलं, की पोरी, तू कुठली? हरिपूरची म्हटल्यावर अकराही बायकांना भरतं आलं. ही तर आपल्याच गावची लेक! माहेरी कधी गेली होतीस, असं कुणीतरी विचारलं. प्रांजल सांगायला लागली, की दिवाळीला जाणार होते पण तेव्हा खोल्यांचा रंग चालला होता, मग संक्रांतीला जाणार होते पण... आणि तिथंच तिला रडू फुटलं. रडणाऱ्या माणसाच्या जवळ जायचं नाही हा नियम त्या बायकांना कुणी सांगितलेला नव्हता.

त्यांनी तिला पाटावर बसवलं, पदर पसरायला लावला आणि तिचीच ओटी भरली. नारळ, हळकुंडं, बेदाणे, आणि त्यावर राहण्या-जेवण्याच्या पैशांचं पाकीट. तिनं पाकीट उघडून पैसे मोजायला घेतले, तर मनुबाईंनी तिचा हात धरला.

"आता हे भाडं न्हाई, ओटी हाय. आन् पिशवी भर. जाता जाता तुला आईकडं सोडतो."

साईराज म्हणाला, जा खुशाल, चार दिवस मी बघतो, आईलाही सांगतो. आणि तो आईला शोधायला मळ्याकडे गेला, म्हणजे बरोबर उलट्या दिशेला.

गोठ्याच्या दारातून बनुबाईला यातलं ऐकू काहीच येत नव्हतं, दिसत मात्र सगळं होतं. तिनं आत बातमी दिली. सून रडतीया. बायका तिची समजूत घालतायत. सुनेनं पिशवी भरली. सून गाडीत बसली.

सुलाबाई उठल्या. प्रांजल पुण्याला चालली, तीही न सांगता, आणि आपण इथं गोठ्यात लपून बसलोय! बनुबाईनं ठरल्याप्रमाणे त्यांना धरलं, पण नुसता पदरच हाती आला, तोही सुटला. सुलाबाई अनवाणीच रस्त्याला लागल्या.

मिनीबस वळणाआड गेली होती. पण तो रविवार होता. पाचगणीहून उतरणाऱ्या गाड्यांची घाटभर रांग लागली होती आणि एकही चाक हलत नव्हतं. याच रांगेला साईराज दर रविवारी शिव्या देत असे, माणसं वैतागून पुन्हा इकडे फिरकत नाहीत म्हणून. त्या रांगेच्या कडेनं सुलाबाई तुरुतुरु पुढे निघाल्या. एका गाडीतल्या माणसानं कणीस खाता खाता विचारलं, की मावशी, पुढं काय झालंय?

"सून चालली," सुलाबाई धापा टाकत म्हणाल्या.

त्यानं मागच्या गाडीला सांगितलं, की पुढे लग्नाची वरात आहे. अर्ध्या घाटानं त्या वरातीच्या नावानं बोटं मोडली.

तिसऱ्या वळणावर सुलाबाईंनी मिनीबस गाठली आणि दारावर थापा मारल्या. दार उघडलं. पुढच्याच बाकावर प्रांजल मांडीवर नारळ घेऊन बसली होती.

"प्रांजल, जाऊ नगं," सुलाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे वाहत होते. "मी आता समद्यांकडनं पैसं घेती. ह्या बायांकडनं बी घेती. दुप्पट घेती. पर तू जाऊ नगं, बाय."

अकरा बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मनुबाईंनी हळूच सांगितलं, की आई, पैसे दिलेत. प्रांजल उठली आणि तिनं सासूला हाताला धरून वर घेतलं.

"आत्या, मी हरिपूरला चालले. माहेराला. चार दिसांनी येती की माघारी. त्यो नारळाचा फोटू बघून पाडव्यापर्यंत तिन्ही जागा भरल्यात."

"आन् पुणं?"

"मी पुण्याला गेले तर तुमाला कोण आवरायचं?"

सुलाबाईंना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं. तेवढ्यात रांग सुटली. मागून शंभर हॉर्न वाजले आणि ड्रायव्हरनं दार लावून गाडी सोडली. मध्ये उतरायला जागा नव्हती आणि थांबवा म्हणायला सुलाबाईंना सवडही मिळाली नाही. कुणीतरी सरकून त्यांना बसायला दिलं, कुणीतरी त्यांचे पाय बघून स्वतःच्या चपला काढून दिल्या.

घाट उतरता उतरता प्रांजलचा मोबाईल वाजला. पलीकडे साईराज होता. आई मळ्यात नाही, विहिरीवर नाही, दारात दोन गाड्या येऊन उभ्या आहेत आणि हरिबांनी त्यांना गाव विचारायला सुरुवात केली आहे. प्रांजलनं मोबाईल सासूच्या कानाला लावला.

"मला हुडकत बसू नगंस," सुलाबाई म्हणाल्या. "त्यास्नी च्या टाक. मी चार दिस माहेराला चालले."

मोबाईल परत दिल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की माहेर तर सुनेचं आहे. त्यांनी ओशाळून प्रांजलकडे पाहिलं. प्रांजल खिडकीबाहेर बघत होती, आणि तिनं सासूचं बोलणं काही दुरुस्त केलं नाही.