पाचवा दरोडेखोर

"मराठवाड्यात खरी अक्कल दोनच ठिकाणी हाय," सुंदरराव सांगत. "एक माझ्या डोक्यात. दुसरी अजून सापडली न्हाई."

पाटोद्याच्या स्टँडसमोर त्यांनी 'सुंदर गुप्तहेर कार्यालय' अशी दुरून वाचता येईल एवढी पाटी लावली होती, त्यामुळे गुप्त असं फारसं काही उरलं नव्हतं. त्याआधी ते बीडच्या कोर्टात पट्टेवाले होते. दाराबाहेर उभं राहून त्यांनी अख्खा कायदा ऐकला, म्हणजे दार उघडं असेल तेवढा. शहादेव त्यांचा सहायक, कारण तो त्यांचा मेहुणा. बहिणीचा संसार सुखाचा राहावा म्हणून बिचारा काहीही ऐकून घ्यायचा.

त्या सकाळी शेजारची जैनबबी धावत आली. तिचा सीताफळांचा ठोक धंदा.

"सुंदरभाई, माझा काटा गेला. टांगायचा, मोठा. फळांनी डोळे उघडलेत, पिकायला लागलीत. दुपारी बीडचा व्यापारी टेम्पो घेऊन येतोय, आन त्याला बटणाच्या काट्याचा भरवसा न्हाई. वजन न्हाई झालं तर तो रिकामा जाईल आन माझ्या मालाची उद्या रबडी होईल. पाशा काल बीडला गेलाय, त्याचा फोन लागंना."

पाशा म्हणजे तिचा नवरा. काटा मात्र तिचाच होता. माणूस बसेल एवढी त्याची पारडी, आणि नजर लागू नये म्हणून दांडीला तिनं हिरवी चिंधी बांधलेली.

सुंदररावांनी टेबलावरच्या डब्यातला एक बुंदीचा लाडू तोंडात टाकला. डबा कुठून आला, हे शहादेवनं सकाळीच विचारलं होतं. "लोक मानत्यात आपल्याला," एवढंच उत्तर मिळालं होतं.

तपास चहावाल्या म्हाळूपासून सुरू झाला.

"काल संध्याकाळी चौघं होते," म्हाळू म्हणाला. "हातात तलवारी. ताडपत्रीत गुंडाळलेलं कायतरी हातगाड्यावरून जीपमंदी गेलं."

"दरोडा," सुंदरराव ताडकन म्हणाले आणि लगेच त्यांचा चेहरा पडला. "चौघंच?"

"तलवारवाले चौघंच."

"मग दरोडा होत न्हाई. कायद्याला पाच लागत्यात. चौघांनी केली तर नुसती जबरी चोरी. दरोडेखोर म्हणवून घ्यायला पाचवा पायजे. शहादेव, जबरी चोरी पकडण्यात काय मान हाय बे?"

"दाजी, तिला काटा पायजे."

"पाचवा होता की," म्हाळू म्हणाला. "चौघांचे हात तलवारीत गुतलेले, मग वझं उचलणार कोण? पाचव्यानंच उचललं. पाठ वळखीची वाटली, पण मी कप धूत हुतो."

सुंदररावांना केवढा आनंद झाला. पाचवा हाच म्होरक्या, असं त्यांनी जाहीर केलं. म्होरक्या स्वतः ओझं उचलतो आणि माणसं नुसती उभी राहतात, यावरून तो मनानं फार मोठा असावा. टोळी नक्की बाहेरची, कारण पाटोद्याचा माणूस चोरी करतानाही आधी भाव विचारतो. मग त्यांनी तिथंच सोडलेल्या हातगाड्याच्या चाकाचा चिखल बोटावर घेऊन हुंगला.

"नदीकाठची माती. टोळी नदीकडून आली."

"नळ गळतोय माझा," म्हाळू म्हणाला.

शेवटी संशय बीडच्या व्यापाऱ्यावरच गेला. काटाच नसला की माल अंदाजानं उचलता येतो. जैनबबी प्रत्येक सिद्धांत ऐकायची आणि वळून फळांकडं बघायची. शहादेवला तिच्याकडं बघवेना. दाजींची त्याला मनापासून लाज वाटली.

समोर चौकात दोन माणसं नवा फ्लेक्स बांधत होती. जैनबबीची नजर तिकडं गेली ती तिथंच राहिली.

"सुंदरभाई, जरा वर बघा."

वर गावचे पुढारी भाऊ यांच्या वाढदिवसाची लाडूतुला होती. एका पारड्यात सत्काराची तलवार धरून भाऊ, दुसऱ्यात बुंदीचे लाडू आणि दांडीला हिरवी चिंधी. खाली कोपऱ्यात जीपचा फोटो. भाऊंना भेट द्यायच्या तलवारी घेऊन चार कार्यकर्ते कॅमेऱ्याकडं बघत होते, आणि त्यांच्यामागं ताडपत्रीचं ओझं छातीशी धरून एक माणूस घामाघूम झाला होता.

"दाजी," शहादेव म्हणाला, "ह्ये तुमी हाव."

सुंदररावांनी चष्मा पुसला, पण फोटो बदलला नाही.

"पाशा हातगाडा घिऊन आलता. म्हणला, जरा हात लावा. कुणी हात लावा म्हणलं तर आत काय हाय, इचारत्यात का? रात्री लाडवाचा डबा आला."

"म्हंजे माझ्याच नवऱ्यानं दिला," जैनबबी म्हणाली. "आन मला सांगायचं इसरून बीडला गेला. येऊ द्या घरी."

सुंदरराव मात्र मनातल्या मनात मोजत होते. हळूहळू त्यांचा चेहरा उजळला. "शहादेव, पाच भरले. दरोडाच हाय."

"पाशानं आपल्या हातानं दिलाय, दाजी. आन पाचवे तुमीच."

"मग जबरी चोरी म्हणू," सुंदरराव घाईनं म्हणाले.

जैनबबीनं पुढचं ऐकलंच नाही. ती तडक भाऊंच्या कार्यालयात गेली. टेम्पोचा हॉर्न वाजला तेव्हा चार कार्यकर्ते आणि एक गुप्तहेर काटा घेऊन चौकातून धापा टाकत येत होते. काटा टांगला, पहिला क्रेट चढला, आणि जैनबबीच्या जिवात जीव आला.

"सुंदरभाई," ती म्हणाली, "पाच जणांनी मिळून नेला तर दरोडा. पाच जणांनी मिळून परत आणला तर त्याला काय म्हणत्यात?"

सुंदररावांनी घाम पुसत सगळा कायदा आठवून पाहिला. "त्याला कायद्यात शब्द न्हाई."

"आमच्या धंद्यात हाय," जैनबबी म्हणाली. "हमाली. चला, अजून लई क्रेट राह्यलेत."