हंड्यातला चहा

फ्रँचायझी कशी मिळवायची, ते मला विचारा. मी मागितली आणि वकिलानं तिथंच सही केली.

ते दुष्काळाचं साल होतं. साताऱ्याच्या डोंगराकडं नव्या इमारती रोज उगवत होत्या, पाणी मात्र टँकरनं यायचं. मी चितेगावची नोकरी सोडून तिथं गाळा घेतला आणि पुण्याच्या एका चहा कंपनीकडं अर्ज टाकला. करारापूर्वी कंपनीचे वकील जागा बघणार होते. टाकी भरलेली पाहिजे, ही त्यांची अट.

"टाकीत पाल राहते," माझी बायको प्रेरणा म्हणाली.

"टँकर सांगितलाय," मी म्हणालो.

सांडू नावाचा टँकरवाला वळणावर अडकला, पण टँकर येतोय ही बातमी आधीच पोचली. वकीलसाहेब उतरले तेव्हा गाळ्यापुढं अख्खी वसाहत रांगेत उभी होती.

"हे लोक कशाला थांबलेत?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "चहाला."

"हंडे घेऊन?"

"मोठी कुटुंबं आहेत, साहेब."

ते थेट शेजारच्या मालनबाईंकडं गेले. "मावशी, रोज येता?"

"रोज नंबर लावते. लागला तरी मिळंल याचा भरवसा नाय."

"आणि नाही मिळत तेव्हा?"

"तर काय, पहाटं पुन्हा यायचं. त्याच्याबिगर घर चालतंय व्हय?"

वकीलसाहेब भारावले. टाकी बघायचं विसरून त्यांनी करारात एक कलम वाढवलं: रोज किमान हजार कप विक्री, नाहीतर फ्रँचायझी रद्द आणि अनामत जप्त. मी छाती फुगवून सही केली.

दुकान उघडलं त्या दिवशी चार कप खपले. त्यातले दोन प्रेरणा आणि मी प्यायलो. मालनबाईंना बोलावलं, तर म्हणाल्या, "असल्या उन्हात चहा? डोकं फिरलंय का माझं?"

मी पुण्याला फोन लावला. "साहेब, इथं चहाला मागणीच नाय."

"मला सांगू नका. मी डोळ्यांनी रांग बघितलीये. तुम्ही माल दाबून ठेवताय."

आठवड्यात त्याच अर्थाची नोटीस आली. उत्तर द्यायला मी इथल्या एका वकिलाकडं गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, मान डोलावली आणि माझ्यासाठी चहा मागवला.

समोरच्या टपरीवरून. फार चांगला होता.