हिराजी आणि आईच्या कानाचं मशीन

लग्नाला गेलं की माणसं नवरीला बघतात, पंगतीचा अंदाज घेतात. आमच्या समोरच्या घरातला हिराजी थेट आहेराच्या टेबलापाशी जातो आणि मिक्सर खोक्यातून काढून उलटा करतो. बुडाशी स्क्रू दिसले तर मान डोलावतो. नाही दिसले तर देणाऱ्याला हुडकून सगळ्यांदेखत विचारतो, "उघडतं काय ह्ये?"

माझ्या भाच्याच्या लग्नात मी दिलेला बिनतारी स्पीकर त्याने असाच उलटा केला. "सगळा चिकटवलाय," म्हणाला. "इंजनेर, आहेर दिलास का कचरा दिलास? बॅटरी बसली की टाकायचा ना ह्यो?" चारचौघांत माझी शोभा झाली. भाचा हसला, ते जास्त लागलं.

इंजनेर म्हणजे मी. आगरदांड्याच्या जेटीकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची आळी आहे, आणि घराच्याच पुढच्या खोलीत माझं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा काचेत मढवून गल्ल्यामागे लावलाय. हिराजी सातवी पास. त्याची उभी हयात मासेमारीच्या बोटीवर इंजिन सांभाळण्यात गेली. आणि आळीत काही बिघडलं की माणसं माझ्या डिप्लोम्यासमोरून चालत जाऊन त्याच्या पडवीत बसतात. मला गल्ल्यावरून सगळं दिसतं. माझी सख्खी बायको घरचा मिक्सर पदराखाली झाकून तिकडे जाताना मी या डोळ्यांनी पाहिलीय. "हिराजीभावजींना नुसता दाखवून आणते," म्हणे!

लोकांना वाटतं मला त्याचा राग येतो. राग कसला? हेवा वाटतो, सरळ सांगतो. जळतो मी त्याच्यावर.

आता त्याचा मोठा पराक्रम ऐका. माझ्या दुकानात भिंतभर चार्जर लटकतात. गोल पिनचे, चपट्या पिनचे, जाड, बारीक, एका बॅटरीला चालतो तो दुसरीला नाही असे. हिराजीने दोन वर्षांत आळीतल्या टॉर्च, दाढीची मशीनं, डास मारायच्या बॅटी, भजनी मंडळाचा स्पीकर, सगळं एकेक करून उघडलं आणि जिथे जमेल तिथे नव्या मोबाईलला असते ती सी पिन बसवली. आता कुणाचाही चार्जर कुणाच्याही वस्तूला लागतो. सुनेचा चार्जर सासऱ्याच्या टॉर्चला आणि शेजाऱ्याचा देवळातल्या स्पीकरला. माझ्या भिंतीवर धूळ बसलीय. कुणी विकत घ्यायला आलंच, तर हिराजी समोरून ओरडतो, "अरे, घरात हाय ना एक? मग दुसरा कशाला? लग्न लावायचं हाय काय त्याचं?"

हे खूळ त्याच्या डोक्यात समुद्रात शिरलं. त्याची बोट एकदा खोल पाण्यात बंद पडली. पंपाचा एक बोल्ट तुटला होता. दुसरी बोट मदतीला आली, त्यांच्याकडे बोल्ट होता, पण तो बसेना. "जाडी तीच, लांबी तीच, आटे येगळे!" हे सांगताना अजून त्याचा आवाज चढतो. "दोन दिस लाटा मोजत बसलो. ज्यानं त्यो बोल्ट येगळा केला ना, त्याला बोटीवर घालून सोडायला पायजे व्हता." मी म्हटलं, प्रत्येक कंपनीचं आपलं डिझाईन असतं. तर म्हणतो, "असू दे की. रंग येगळा करा, फुलं काढा वर. पिन येगळी कशाला?"

अलिबागकडच्या बंगल्यांमागे मुंबईची मंडळी चालू वस्तूसुद्धा टाकून देतात. तिथनं तो गोण्या भरून आणतो. एकेक नग हातात घेऊन बनवणाऱ्याला आईबहिणीवरून शिव्या देत उघडतो. जो झटकन उघडतो त्याचं मात्र कौतुक करतो. "हा बघ, कुणीतरी भल्या माणसानं बनवलाय. त्याला म्हाईत व्हतं, ह्यो कधीतरी बिघडनार."

इथवर मी सहन केलं. पण मग त्याने माझ्या आईला नादी लावलं.

आईला कानाच्या मशीनशिवाय ऐकू येत नाही. चार वर्षं एकच मशीन वापरलं, कानाला बसलं होतं. गणपतीनंतर त्याच्या चार्जिंगच्या डबीची पिन गेली. तीही जगावेगळी, त्या कंपनीशिवाय कुणाची नाही. फोन केला तर म्हणाले, ते मॉडेल बंद झालं, डबी मिळणार नाही, नवीन मशीन घ्या. मी नवीन आणलं. आईने कानात घातलं आणि लगेच काढलं. "मेल्या, सारखी भांडी पडतायत ह्यात," म्हणाली, आणि जुनं मशीन डबीसकट उचलून रस्त्यापलीकडे गेली.

मी वाट बघत बसलो. पण काय चमत्कार! तासाभरात मिक्सर फिरवणाऱ्या हिराजीला ही डबी काही जमेना. आठवडा गेला, दोन गेले. आई रोज साडेचारला जायची, तो हाताने 'उद्या' म्हणून खूण करायचा. खरं सांगतो, मला गुदगुल्या होत होत्या. आई तिकडे बहिरी बसलीय आणि मी इकडे खूश, असला मी मुलगा.

फक्त एक गोष्ट खुपत होती. ती गेली की तासभर यायची नाही. वाटीत सोड्यांचं कालवण झाकून न्यायची, आणि आमच्या ताटात बटाटा. गल्ल्यावरून मला तिचे हात हलताना दिसायचे, तोंड हलताना दिसायचं. घरात मात्र व्हय आणि न्हाय, एवढंच. आम्हीही ओरडून ओरडून दमायचो आणि गप्प बसायचो.

तिसऱ्या आठवड्यात मी छाती पुढे काढून रस्ता ओलांडला. "काय हिराजी, हरलास ना? आण ते मशीन. आता मी बघतो."

त्याचा चेहरा उतरला. तो आत गेला आणि स्वच्छ फडक्यात गुंडाळलेली डबी घेऊन आला. मी झाकण उघडलं. हिरवा दिवा लागलेला. खाली सी पिन आणि दोन बारके स्क्रू. डबी चिकटवलेली होती, ती त्याने गरम पाण्याच्या पिशवीने शेकून सोडवली होती आणि आता कधीही उघडेल अशी केली होती. मशीन मी स्वतःच्या कानाला लावून बघितलं. रस्त्यापलीकडे माझी बायको तांदूळ निवडत होती, त्या सुपाचा आवाजसुद्धा ऐकू आला.

"कधी केलंस हे?"

"दुसऱ्याच दिशी."

"आणि तीन आठवडे दिलं नाहीस? लाज नाही वाटत?"

"वाटते की." तो खाली बघत म्हणाला. "दिलं असतं तर काकी परत कशाला आली असती?"

त्याची बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी माणगावला दिलीय, ती दिवाळीला येते. पडवीत दिवसभर माणसं असतात, पण ती वस्तू घेतात आणि जातात. हे मला माहीत होतं. कधी डोक्यात घेतलं नव्हतं, एवढंच.

"अरे, पण तिला ऐकूच येत नाही! तुम्ही बोलता काय?"

"तीच बोलते. तिला येत न्हाय ऐकू, पर मला येतं की." मग म्हणाला, "तुझा बाप मिठागरावरनं आला की तिला गाणं म्हनायला लावायचा. म्हाईत हाय तुला?"

मला माहीत नव्हतं. पन्नाशीला आलो, आई गाते हे मला या माणसाकडून कळलं. त्या क्षणी त्याचा जेवढा हेवा वाटला तेवढा आयुष्यात कधी वाटला नव्हता. मशीन उचललं आणि घरी आलो.

आईने ते कानात घातलं. तिचा चेहरा उजळला. मी जवळ बसून विचारलं, "आये, तू गाणी म्हणायचीस?"

"हिऱ्यानं सांगितलं व्हय?" म्हणाली आणि लाजून हसली. गायली मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी साडेचारला ती उठली. मशीन कानातून काढून तिने डबीत ठेवलं आणि पायात चपला सरकवल्या.

"आता कुठे?"

ओठांवरून तिला कळलं असावं. "खरखरतंय जरा," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "दाखवून येते."

कसलं खरखरतंय! सकाळीच मी पुन्हा कानाला लावून बघितलं होतं. तोंडावर आलेलं मी गिळलं आणि म्हणालो, "डबीचं झाकणपण सैल आहे म्हणून सांग."

तिला ऐकू गेलं नाही. ती उंबऱ्याबाहेर पडली होती. मग मी दारात येऊन, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडलो, "झाकणपण सैल आहे म्हणावं! आठवडाभर ठेवून घे म्हणावं!"

आईने वळून मान हलवली. समोर हिराजीने शब्दन्‌शब्द ऐकला असणार, कारण हातातलं काम टाकून तो घाईघाईने खुर्ची पुसायला लागला.